दंडावरची पट्टी

गेल्या कार्तिकांत आमच्या डाव्या दंडावर एक कापडी पट्टी बांधली गेली, आणि तीं पांच मिनिटें आमच्या ५४ वर्षांच्या पुष्कळ समजुतींना महाग पडलीं. दवाखान्यांत आम्ही स्वतःसाठीं गेलों नव्हतों. आमच्या सौभाग्यवतींचा गुडघा दुखत होता, आणि त्यांना सोबत करण्याचें काम तेवढें आमच्याकडे होतें. डॉक्टर आमचे जुने विद्यार्थी. वैद्यकाकडे वळण्यापूर्वीं त्यांनीं आमच्या हाताखालीं इंग्रजीचा अभ्यास केलेला. गुडघा पाहून झाला, सौभाग्यवतींचा रक्तदाबहि पाहून झाला, तो ठीक निघाला, तेव्हां ते सहज म्हणाले, "सर, बसलांच आहांत, तर आपलाहि पाहूं."

"मला काय झालें आहे?" आम्हीं हंसून म्हटलें. "रोज पहांटे टेकडी चढून येतों. जेवण आहे, झोंप आहे."

पट्टी आवळली गेली आणि सैल झाली. डॉक्टरांनीं तबकडीकडे पाहिलें, कांहीं न बोलतां पट्टी पुन्हां आवळली, आणि मग ती दुसऱ्या दंडाला बांधली. "वरचा आंकडा १७०, खालचा १००," ते म्हणाले. "चार दिवस घरीं मोजा, मग काय तें ठरवूं. पण सर, यापूर्वीं कधीं मोजला होता?"

"कधींच नाहीं. त्रासच कांहीं नव्हता."

"त्रास होत नाहीं, हीच या दुखण्याची मोठी अडचण. सर, बेकन शिकवितांना आपण आम्हांला सांगत होतां कीं, थोरांनीं म्हटलें आहे म्हणून मानूं नका; पाहा, मोजा आणि मग माना. मग स्वतःविषयीं आपण काय मोजून मानलें होतें?"

विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर न सुचण्याचा प्रसंग आमच्यावर पूर्वींहि आला आहे. पण वर्गांत अशा वेळीं घंटा मदतीला धांवते. दवाखान्यांत घंटा नव्हती.

त्या रात्रीं झोंप आली नाहीं. ती आजाराच्या भीतीनें आली नाहीं असें म्हटलें तर तें निम्मेंच खरें होईल. उरलेलें निम्में त्या प्रश्नाचें होतें. ज्या बेकनच्या निबंधांवर आमची २८ वर्षांची नोकरी झाली, त्याचा वैद्य कोण होता हें आम्हांला केवळ नांवापुरतें ठाऊक होतें. विल्यम हार्वे हा तो वैद्य. जॉन ऑब्रे यानें लिहून ठेविलेल्या आठवणींवरून दिसतें कीं, बेकनची बुद्धि आणि लेखनशैली यांविषयीं हार्वेला आदर होता, पण तत्त्वज्ञ म्हणून तो त्याला मोठा मानीत नसे. पाहावें, मोजावें, मग मानावें, हा उपदेश बेकननें भरघोस भाषेंत केला. तो आचरणांत आणला त्याच्या वैद्यानें. आम्ही आजवर उपदेशच शिकवीत आलों. दुसऱ्या दिवशीं ग्रंथालयांतून हार्वेच्या पुस्तकाचें इंग्रजी भाषांतर आणून वाचावयास बसलों. मूळ पुस्तक लॅटिन भाषेंत आहे. तें १६२८ सालीं फ्रँकफुर्ट येथें छापलें गेलें, आणि त्याचीं पानें अवघीं ७२ आहेत.

हार्वेच्या आधीं युरोपांत सुमारें १४०० वर्षें गेलनचें शास्त्र चाललें. गेलन हा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील ग्रीक वैद्य. तो कांहीं भोंदू नव्हता. ज्यांना आपण आज रोहिण्या म्हणतों, त्या हृदयापासून निघणाऱ्या वाहिन्यांमध्यें हवा असते अशी त्याच्या पूर्वींच्या कित्येकांची समजूत होती. रोहिणी दोन ठिकाणीं बांधून आणि मधला भाग कापून, तेथें रक्तच असतें हें गेलननें दाखविलें. परंतु रक्ताच्या प्रवासाचें जें चित्र त्यानें रंगविलें तें असें: खाल्लेल्या अन्नाचें यकृतांत रक्त होतें, तें नीलांवाटे सर्वांगाला पोंचतें, आणि पाटाचें पाणी वाफ्यांत जिरावें तसें त्या त्या अवयवांत जिरून जातें. परत येण्याचा प्रश्नच नाहीं. नवें रक्त व्हावें आणि तें खर्चून जावें, असा हा व्यवहार. त्यांतलें थोडें हृदयाच्या उजव्या भागांतून डाव्या भागांत जातें, तें मधल्या पडद्यांतील सूक्ष्म छिद्रांतून. हीं छिद्रें कोणालाहि दिसलेलीं नव्हतीं. तरी शतकानुशतकें तीं पुस्तकांत राहिलीं. तेराव्या शतकांत कैरो येथील वैद्य इब्न अल-नफीस यानें स्पष्ट लिहिलें कीं, त्या पडद्याला छिद्रें नाहींत, आणि रक्त फुप्फुसांतून फिरूनच डावीकडे येतें. सोळाव्या शतकांत सर्व्हेटस आणि कोलंबो यांनींहि हा फुप्फुसांतील फेरा वर्णिला. परंतु सबंध देहाचा फेरा सिद्ध करावयाचा राहिलाच होता.

गेलनला हंसण्याचा आम्हां मराठी माणसांना मोठासा अधिकार नाहीं. बाप मुलाला शिकवितो तो रक्त आटवून. शेतकरी पीक काढतो तो रक्ताचें पाणी करून. रक्त ही आटण्याची, जिरण्याची, खर्चण्याची वस्तु आहे, ही समजूत आमच्या भाषेंत अजून घर करून आहे. आमच्या वडिलांविषयीं बोलतांना आम्हीं स्वतः हा शब्द शंभरदां वापरला आहे: तालुक्याच्या गांवीं प्राथमिक शाळेंत मास्तरकी करून, शिकवण्या घेऊन, रक्त आटवून त्यांनीं आम्हांला कॉलेजांत धाडलें. वाक्य खरें आहे. त्यांतील शरीरशास्त्र तेवढें गेलनचें आहे.

हार्वेनें गेलनला खोटें ठरविलें तें एका गुणाकारानें. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला किती रक्त बाहेर पडतें? त्यानें तें मुद्दाम थोडें, अगदीं थोडें धरलें. अर्ध्या तासांत ठोके किती? तेहि कमींत कमी, म्हणजे एक हजार धरले. दोहोंचा गुणाकार करून पाहतां, अर्ध्या तासांतच हृदयांतून इतकें रक्त जातें कीं, तेवढें सबंध देहांत असत नाहीं असें त्याला दिसलें. खाल्लेल्या अन्नापासून इतक्या वेगानें रक्त तयार होईल काय? आणि तें जर अवयवांत जिरत असेल, तर अवयव फुटून कां जात नाहींत? मग एकच उत्तर राहतें. गेलेलें रक्त परत येतें. तेंच रक्त पुन्हां पुन्हां फिरतें.

आजच्या मापांनीं हा हिशेब करून पाहावा. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचें हृदय दर ठोक्याला सुमारें ७० मिलिलिटर रक्त बाहेर ढकलतें. मिनिटाला ७२ ठोके धरले तर मिनिटांत पांच लिटर झालें. आणि देहांतील एकूण रक्तहि साधारण पांच लिटरच असतें. म्हणजे सगळें रक्त सरासरीनें एका मिनिटांत एक फेरा करून येतें. दिवसाचे ठोके एक लाखावर जातात, आणि उपसलेलें रक्त ७२०० लिटर भरतें. गच्चीवर हजार लिटरची पाण्याची टाकी असते, तशा सात टाक्या भरून वर उरावें इतकें हें काम; आणि तें करणारा स्नायु मुठीएवढा, वजनानें सुमारें ३०० ग्रॅम. गेलनचें खरें मानावयाचें तर माणसानें रोज सात टाक्या रक्त होईल इतकें अन्न खावयास हवें! हा गुणाकार चौथींतल्या मुलालाहि येईल. पण मोजून पाहण्याची गरजच कोणाला भासली नव्हती.

हा फेरा वस्तुतः दुहेरी आहे. हृदयाचे कप्पे चार: वरचे दोन अलिंद, खालचे दोन निलय. अंगभर प्राणवायु देऊन आलेलें काळसर लाल रक्त उजव्या अलिंदांत उतरतें, तेथून उजव्या निलयांत जातें, आणि तो तें फुप्फुसांकडे ढकलतो. तेथें प्राणवायु घेऊन उजळलेलें रक्त डाव्या अलिंदांत, मग डाव्या निलयांत येतें, आणि महारोहिणीवाटे पुन्हां सर्वांगाला जातें. वाटेंत झडपा आहेत, त्या एकाच बाजूला उघडतात; छातीला कान लावला असतां जो दुहेरी आवाज ऐकूं येतो, तो त्या झडपा मिटण्याचा. डाव्या निलयाला सबंध देहाला रक्त पुरवावयाचें असतें, म्हणून त्याची भिंत उजव्यापेक्षां पुष्कळच जाड असते.

गुणाकारानें जें ठरलें तें डोळ्यांना दाखविण्यासाठीं हार्वेनें एक पट्टी घेतली आणि माणसाचा दंड घेतला. पट्टी करकचून आवळली कीं मनगटाची नाडी बंद पडे आणि हात हळूहळू गार होई. मग ती किंचित् सैल केली कीं नाडी परत येई, हात लाल होऊन फुगे, आणि नीला तट्ट होऊन वर येत. असें कां व्हावें? रोहिणी खोल असते, ती मोकळी झाली. नीला कातडीच्या लगत असते, ती अद्याप दाबलेलीच होती. रक्त येत होतें आणि परत जाण्याची वाट बंद होती. म्हणजे रक्त रोहिणीनें येतें आणि नीलेनें परततें. नीलांमध्यें झडपा असतात हें हार्वे पादुआ येथें ज्या गुरूपाशीं शिकला त्या फाब्रिशियसनें आधींच वर्णिलें होतें. रक्त एकदम खालीं उतरून सांचूं नये म्हणून त्या आहेत, असें गुरूला वाटे. त्या सगळ्या हृदयाच्याच दिशेनें उघडतात, याचा अर्थ शिष्यानें लावला.

आवळपट्टीचा प्रयोग वाचकांनीं घरीं करूं नये. पण हार्वेचाच दुसरा एक प्रयोग, नुसत्या बोटांचा, अवश्य करावा. आम्हीं तो केला. हात थोडा वेळ खालीं सोडून बसलों, तेव्हां मनगटाच्या वरच्या नीला ठसठशीत झाल्या. एका नीलेवर मनगटाकडून एक बोट दाबून ठेविलें, आणि दुसऱ्या बोटानें तिच्यांतील रक्त कोपराकडे सारलें. दुसरें बोट उचललें, तरी नीला रिकामीच राहिली. वरचें रक्त खालीं उतरेना. मग पहिलें बोट उचललें मात्र, आणि ती खालून झरकन् भरून आली. आठदहा वेळां आम्हीं हा खेळ केला. सौभाग्यवती चहा घेऊन आल्या त्या दारांतच थांबल्या.

"अहो, हें काय चाललें आहे?"

"गेलनला खोटें पाडतों आहें."

"तो कोण असेल तो असो, चहा निवतो आहे," असें म्हणून त्यांनीं कप पुढें ठेविला, आणि आमचा हात हातांत घेऊन तो प्रयोग एकदां स्वतः करून पाहिला. ज्या हातानें आम्हीं जन्मभर लिहिलें त्यांतील झडपेचें काम त्या दिवशीं प्रथम आमच्या दृष्टीस पडलें.

हार्वेच्या सांखळींत एक दुवा मात्र राहिला होता. रोहिण्यांचें रक्त नीलांत जातें तें कोणत्या वाटेनें? तें त्याला दिसलें नाहीं. गेलें पाहिजे, एवढेंच मोजमाप सांगत होतें. तो १६५७ सालीं वारला. पुढें १६६१ सालीं इटलींतील मार्चेल्लो मालपीगी यानें सूक्ष्मदर्शकाखालीं बेडकाचें फुप्फुस पाहिलें, आणि केंसाहून बारीक अशा वाहिन्यांचें जाळें त्याला दिसलें. त्याच केशवाहिन्या. गेलनचीं छिद्रें आणि हार्वेच्या या वाटा यांत फरक तो काय, असें कोणी विचारील. न दिसलेली गोष्ट दोघांनींहि मानली हें खरें. पण गेलननें छिद्रें मानलीं तीं आपल्या मताला टेंकू म्हणून. हार्वेला वाटा मानाव्या लागल्या त्या मोजमापानें भाग पाडलें म्हणून, आणि शोधणारा आला तेव्हां त्या सांपडल्या.

इतकें उघड सत्य लोकांनीं लगेच पत्करलें काय? ऑब्रे सांगतो कीं, पुस्तक निघाल्यावर हार्वेकडे येणारे रोगी कमी झाले आणि लोक त्याला वेडसर समजूं लागले. पॅरिसच्या झां रिओलांला तर त्यानें १६४९ सालीं, म्हणजे २१ वर्षांनंतरहि, उत्तरें देणें चालूच होतें. ह्यूमनें आपल्या इंग्लंडच्या इतिहासांत नोंदविलें आहे कीं, चाळिशी गांठलेल्या एकाहि युरोपीय वैद्यानें मरेपर्यंत हार्वेचें मत स्वीकारलें नाहीं असें आढळून आलें. एरवीं हें आम्हीं वर्गांत हंसत सांगितलें असतें. या खेपेस वाचतां वाचतां थांबलों. चाळिशी उलटून आम्हांला चौदा वर्षें झालीं होतीं, आणि समोर टेबलावर गोळ्यांचें पाकीट न उघडलेलें पडलें होतें.

होय, तें आम्हीं उघडलें नव्हतें. घरीं मोजण्याचें, आपोआप फुगणारें यंत्र आणलें होतें. चार दिवस मोजलें, आंकडे तेच आले. डॉक्टरांनीं गोळ्या लिहून दिल्या, त्याला आठवडा होऊन गेला होता. सौभाग्यवती रोज विचारीत, आणि आम्ही रोज कांहीं तरी बोलून वेळ मारून नेत होतों. मन म्हणे, यंत्रांत दोष असेल. म्हणे, दवाखान्याच्या धास्तीनें दाब चढला असेल. म्हणे, टेकडी चढणारा माणूस आजारी असेल कसा? आम्हांला बरें वाटत होतें, हाच आमचा गेलन होता.

ती दंडावरची पट्टी मूळ कोणाची, हें मग आम्हीं शोधूं लागलों. रक्ताचा दाब प्रथम मोजला तो स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकानें. घोडीच्या रोहिणींत नळी घालून ती त्यानें कांचेच्या उभ्या नळीला जोडली, तेव्हां रक्त आठ फुटांवर चढलें. हें त्यानें १७३३ सालीं प्रसिद्ध केलें. माणसावर रोज असा प्रयोग कोण करणार? १८९६ सालीं इटलींतील ट्यूरिन शहरीं शिपिओने रिव्हा-रोच्ची यानें दंडाभोंवतीं फुगणारी रबरी पट्टी गुंडाळून ती पाऱ्याच्या नळीला जोडली. १९०५ सालीं सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय कोरोत्कोव्ह यानें पट्टीच्या खालीं रोहिणीवर श्रवणनळी ठेवून ऐकण्याची रीत सांगितली. दवाखान्यांत आजहि हीच रीत चालते. पट्टी इतकी फुगवावी कीं रोहिणी मिटावी. तेव्हां कांहींच ऐकूं येत नाहीं. मग हवा सोडीत जावें. हृदयाचा जोर पट्टीच्या जोरावर मात करतो त्या क्षणीं रक्ताची पहिली धार निसटते आणि टक् टक् असा आवाज सुरू होतो. तो वरचा आंकडा. दोन ठोक्यांच्या मध्यंतरींहि रोहिणी मिटेनाशी झाली कीं आवाज विरतो, तो खालचा. हार्वेनें पट्टी आवळून आणि सैल करून जें पाहिलें तेंच हें. आतां त्याला आंकडे जोडले गेले आहेत.

हे आंकडे पाऱ्याच्या मिलिमीटरांचे असतात. पारा पाण्याहून १३.६ पट जड. तेव्हां १२० मिलिमीटर पारा म्हणजे सुमारें १६३ सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ, साधारण माणसाएवढा. आमच्या १७० चा स्तंभ २३१ सेंटिमीटर भरला, आमच्या डोक्यावर दोन फूट. एवढा भार हृदय दर ठोक्याला उचलीत असलें म्हणजे डाव्या निलयाची मुळांतच जाड भिंत आणखी जाड होत जाते, रोहिण्या ताठर होतात, आणि एखादे दिवशीं मेंदूंतली एखादी वाहिनी तुंबते किंवा फुटते. आणि इतकें होईपर्यंत माणसाला बहुधा कांहींच जाणवत नाहीं.

हें वाचतांना वडिलांची ती पहांट आमच्यासमोर उभी राहिली. ते ५७ वर्षांचे होते, आम्ही ३० चे. कधीं अंथरूण धरलें नाहीं म्हणून त्यांची प्रकृति खणखणीत असें सारे म्हणत, तेहि म्हणत. त्या पहांटे मागच्या अंगणांत तोंड धुतां धुतां ते कलंडले. उजवें अंग गेलें, वाचा गेली, आणि तिसऱ्या दिवशीं ते गेले. डॉक्टरांनीं पक्षाघात म्हणून सांगितलें. त्यांचा रक्तदाब त्यापूर्वीं किती होता हें आतां कोणालाच सांगतां येणार नाहीं, कारण तो कोणीं मोजलाच नव्हता. आम्ही तेव्हां प्राध्यापक होतों, शहरांत राहत होतों, सुटींत घरीं जातांना त्यांच्यासाठीं धोतरजोडी आणि पुस्तकें नेत होतों. दवाखाना त्यांच्या घरापासून हांकेच्या अंतरावर होता. "चला, एकदां दाखवून येऊं" हे चार शब्द आम्हांला सुचले नाहींत. त्यांनीं रक्त आटवलें असें सांगतांना आमचा ऊर भरून येई. तें रक्त कोणत्या जोरानें वाहत होतें हें पाहण्याची बुद्धि मात्र झाली नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं पाकीट उघडलें.

याला आतां चार महिने झाले. गोळी रोज ठरल्या वेळीं घेतों. पानांत लोणचें आणि पापड येत नाहींत. मीठ वाढणें सौभाग्यवतींनीं बंद केलें आहे, आणि या बाबतींत त्यांच्यापुढें गेलनचेंहि कांहीं चाललें नसतें. सकाळीं चहापूर्वीं पांच मिनिटें स्वस्थ बसावयाचें, मग त्या पट्टी बांधतात आणि आंकडे एका वहींत उतरून घेतात. गेल्या आठवड्यांत वरचा आंकडा १३० च्या आसपास राहिला. टेकडी चालू आहे. आम्हांला पूर्वींहि बरें वाटत होतें, आतांहि तसेंच वाटतें. फरक काय तो वहींतच दिसतो.

शिमग्याला मुलगा घरीं आला. वय २७, काम दिवसभर खुर्चींत बसून करावयाचें, रात्रीं जागरणें. टेबलावरचें यंत्र पाहून त्यानें आमची चौकशी केली. आम्हीं म्हटलें, "ठीक आहे. बैस, तुझाहि पाहूं."

"मला काय झालें आहे, बाबा?" तो हंसून म्हणाला.

सौभाग्यवतींनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं त्याला हार्वे सांगितला नाहीं, ह्यूम सांगितला नाहीं, आजोबांची गोष्टहि त्या वेळीं काढली नाहीं. ती सावकाश सांगूं. नुसती बाही वर सारावयास सांगितली आणि पट्टी त्याच्या दंडाला बांधली. यंत्र फुगलें, क्षणभर थांबलें, आणि हळूहळू सैल होऊं लागलें. आंकडे ठीक निघाले. त्याच्या आईनें वहीचें नवें पान काढलें, वर त्याचें नांव घातलें, आणि खालीं पहिली तारीख लिहिली.